घरच्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रेकॉर्ड करायची आहे? सॉफ्टवेअर असं निवडा

मी ठाण्यात, नौपाड्यात, घरून टॅली आणि एक्सेल शिकवते. शिकवलेलं मुलांना परत बघता यावं म्हणून धडे रेकॉर्ड करते. त्यामुळे ओळखीतलं कुणी ना कुणी हमखास विचारतं, "ताई, स्क्रीन रेकॉर्डिंगला कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?" विचारणाऱ्यांच्या गरजा अगदी वेगवेगळ्या असतात. कोपरखैरण्याचे एक सर शिष्यवृत्ती परीक्षेचे क्लास घेतात, त्यांना तासाभराचे धडे हवेत. महापे एमआयडीसीतल्या एका ऑफिसात काम करणाऱ्या मुलीला नव्या माणसासाठी बिलिंगचा छोटा व्हिडिओ करून द्यायचाय. वसंत विहारमधल्या एका आजींना परदेशातल्या नातीचं व्हिडिओ कॉलवरचं गाणं जपून ठेवायचंय. तिघांना एकच नाव सांगितलं तर निदान दोघांची तरी पंचाईत होईल.

दोन गोष्टी मात्र मी सगळ्यांनाच सांगते. घरगुती कामासाठी बहुधा एक रुपयाही खर्च करावा लागत नाही. आणि रेकॉर्डिंग वाया जातं ते बहुतेक वेळा आवाजामुळे. म्हणून या लेखात सॉफ्टवेअरइतकीच जागा आवाजालाही दिली आहे.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप, आणि त्यावर कोणतं विंडोज आहे याची माहिती. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडलं की आवृत्ती, प्रोसेसर आणि रॅम एकाच जागी दिसतात. हे कागदावर लिहून ठेवा.
- वायरचा, माइक असलेला हेडफोन. मोबाइलसोबत आलेला जुना चालेल.
- डिस्कवर निदान १५-२० जीबी मोकळी जागा.
- सॉफ्टवेअर टाकायला लागणारा अ‍ॅडमिन पासवर्ड. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर आधी तिथल्या आयटीवाल्यांना विचारा. कंपनीच्या मशीनवर परवानगीशिवाय काहीही टाकू नका.

## १. आधी काम ठरवा

खालीलपैकी तुमचं काम कोणतं ते बघा.

नुसतं चित्र हवंय: भरलेल्या फॉर्मची पावती, एरर मेसेज, सिडकोच्या सोडतीचा अर्ज भरताना आलेलं पान. याला रेकॉर्डर लागतच नाही, स्क्रीनशॉट पुरतो.

पाच-दहा मिनिटांची छोटी चित्रफीत हवीय: "हे बटण दाब, मग हे निवड" असं कुणाला तरी दाखवायचंय. विंडोजमध्येच जे आहे त्यात हे होतं.

मोठे धडे नियमित करायचेत: स्क्रीन, तुमचा आवाज, कोपऱ्यात तुमचा चेहरा. इथे ओबीएससारखं दमदार सॉफ्टवेअर शिकून घेणं योग्य.

ऑनलाइन मीटिंग किंवा क्लास जपून ठेवायचाय: आधी त्या अ‍ॅपचीच रेकॉर्डिंगची सोय तपासा. झूमच्या फुकट खात्यातही होस्टला कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग साठवता येतं, आणि रेकॉर्डिंग सुरू झाल्याचं सगळ्यांना दिसतं. गुगल मीटमध्ये ही सोय पैसे भरलेल्या खात्यांनाच मिळते.

तुम्ही मीटिंग बाहेरच्या सॉफ्टवेअरने टिपणार असाल तर समोरच्यांना कळणारही नाही. म्हणूनच तोंडाने विचारून परवानगी घ्या. क्लासमध्ये लहान मुलं दिसत असतील तर त्यांच्या आईवडिलांना आधी विचारा, ते नको म्हणाले तर मुलांचे कॅमेरे बंद ठेवून रेकॉर्ड करा.

## २. मशीनला काय झेपेल ते बघा

रेकॉर्डिंग करताना कॉम्प्युटर दोन कामं एकदम करतो: तुमचं एक्सेल किंवा ब्राउझर चालवतो आणि त्याच वेळी स्क्रीनवरची प्रत्येक हालचाल आक्रसून फाइलमध्ये लिहितो. ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर हे दुसरं काम जड जातं, चित्र अडखळतं.

अशा मशीनवर चित्राची बारकाई ७२०पी आणि सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) ठेवा. शिकवण्याच्या व्हिडिओला ३० फ्रेम भरपूर झाल्या. ६० लागतात त्या गेम खेळणाऱ्यांना. ८ जीबी रॅम आणि एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) असेल तर १०८०पी निर्धास्त करा.

विंडोज १० असेल तर एक लक्षात ठेवा: मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. मशीन विंडोज ११ घेत असेल तर आधी ते करा, कारण पुढच्या पायरीतलं सगळ्यात सोपं साधन विंडोज ११मध्येच मिळतं.

## ३. घरात आहे ते आधी वापरून बघा

स्निपिंग टूल. विंडोज ११वर विंडोजची कळ, शिफ्ट आणि एस एकदम दाबा. स्क्रीन मंद होते आणि वर एक छोटी पट्टी येते. तिच्यावर कॅमेऱ्याचं चित्र म्हणजे स्क्रीनशॉट, व्हिडिओ कॅमेऱ्याचं चित्र म्हणजे रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंग निवडलं की माउसने चौकोन आखायचा आणि स्टार्ट दाबायचं. स्टार्ट दाबण्याआधी पट्टीवरचा माइक आणि स्पीकर हे दोन्ही सुरू आहेत ना ते बघा. ते बंद राहिले तर मुका व्हिडिओ हाती येतो. फाइल एमपी४ मिळते आणि व्हिडिओजमधल्या स्क्रीन रेकॉर्डिंग्ज या फोल्डरमध्ये पडते. पट्टीवर माइकचं चित्र दिसतच नसेल तर तुमचं स्निपिंग टूल जुनं आहे. मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडून ते अपडेट करा.

बिलिंगचा छोटा व्हिडिओ करणाऱ्या मुलीला मी हेच सुचवलं. दुसरं काही टाकायची गरज नाही.

गेम बार. विंडोज १० आणि ११, दोन्हीत असतो. विंडोज आणि जी दाबून उघडतो. विंडोज, ऑल्ट आणि आर दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, तेच परत दाबलं की बंद. हा एकाच अ‍ॅपची खिडकी टिपतो. डेस्कटॉप आणि फाइल एक्सप्लोरर टिपत नाही, आणि मध्येच तुम्ही एक्सेलमधून ब्राउझरवर गेलात तरी तो एक्सेललाच धरून बसतो. एकाच प्रोग्रॅमचा धडा असेल तर चालेल. दोन खिडक्यांमध्ये ये-जा असेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

पॉवरपॉइंट. हे फार कमी लोकांना माहीत असतं. २०१३ किंवा त्यानंतरचं पॉवरपॉइंट विंडोजवर असेल तर इन्सर्ट टॅबच्या उजव्या टोकाला स्क्रीन रेकॉर्डिंग आहे. भाग निवडा, रेकॉर्ड करा, आणि थांबवायला विंडोज, शिफ्ट आणि क्यू दाबा. व्हिडिओ स्लाइडवर येऊन बसतो. त्यावर राइट क्लिक करून सेव्ह मीडिया अ‍ॅज निवडलं की वेगळी फाइल मिळते. विंडोज १०वरच राहिलेल्यांसाठी माझ्या मते हा सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग.

क्लिपचॅम्प. विंडोज ११मध्ये सोबत येतं, मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. एका वेळी ३० मिनिटांपर्यंत रेकॉर्ड करतं. याचा खरा उपयोग नंतरच्या काटछाटीला. सुरुवातीचं खाकरणं आणि शेवटचं "बंद कसं करायचं" यात कापून टाका. फुकट खात्यात १०८०पी व्हिडिओ वॉटरमार्कशिवाय, म्हणजे वर कंपनीचं नाव न छापता, बाहेर काढता येतो.

मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ५ दाबलं की स्क्रीनशॉट आणि रेकॉर्डिंग दोन्हींची पट्टी येते. ही सोय २०१८च्या मोहावी आवृत्तीपासून आहे, फक्त ऑप्शन्समध्ये जाऊन माइक निवडायला विसरू नका. उबुंटू २२.०४ किंवा पुढचं असेल तर प्रिंट स्क्रीनची कळ पुरे. त्यात आवाज मात्र टिपला जात नाही.

## ४. फक्त स्क्रीनशॉट हवे असतील तर

विंडोज आणि प्रिंट स्क्रीन एकदम दाबलं की पूर्ण स्क्रीनचं चित्र पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये आपोआप साठतं. घाईच्या वेळी हेच कामाला येतं.

लांबलचक पान एका चित्रात हवं असेल, मालमत्ता कराचा पूर्ण तपशील वगैरे, तर फायरफॉक्समध्ये पानावर राइट क्लिक करून टेक स्क्रीनशॉट, मग सेव्ह फुल पेज. एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस. पण पावतीच जपायची असेल तर स्क्रीनशॉटपेक्षा कंट्रोल आणि पी दाबून सेव्ह अ‍ॅज पीडीएफ करा. त्यातला पावती क्रमांक नंतर कॉपी करता येतो, छापला तरी अक्षर फुटत नाही.

रोज ढिगाने स्क्रीनशॉट काढून त्यावर बाण, आकडे, चौकोन टाकायचे असतील तर शेअरएक्स घ्या. विंडोजसाठीच आहे, फुकट आहे, मुक्तस्रोत (कोड सगळ्यांना खुला) आहे, जाहिराती नाहीत. मी विद्यार्थ्यांसाठी नोट्स करते तेव्हा त्यातलं आकड्यांचं साधन वापरते: क्लिक करत गेलं की १, २, ३ असे गोल आपोआप पडत जातात. टाकल्यावर पहिलं काम एकच. आफ्टर कॅप्चर टास्क्स या यादीत जा आणि अपलोडच्या पुढे खूण असेल तर काढा. शेअरएक्स चित्र थेट इंटरनेटवरही चढवू शकतं, आणि बँकेच्या पानाचं चित्र तसं चढलेलं तुम्हाला नको असेल.

## ५. नियमित धडे करायचे असतील तर ओबीएस

ओबीएस स्टुडिओ २०१२पासून आहे. फुकट, मुक्तस्रोत, वॉटरमार्क नाही, वेळेची मर्यादा नाही. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. पहिल्यांदा उघडल्यावर रिकामा काळा चौकोन आणि खाली पाच कप्पे दिसतात, तिथेच बरेच जण ते बंद करून टाकतात. तसं करू नका, खालच्या क्रमाने जा.

पहिल्यांदा सुरू होताना ते सेटिंग स्वतः ठरवून द्यायला तयार असतं. तिथे स्ट्रीमिंगऐवजी (थेट प्रक्षेपणाऐवजी) फक्त रेकॉर्डिंग करणार असं सांगा.

मग सोर्सेसच्या कप्प्यात अधिकचं चिन्ह दाबून डिस्प्ले कॅप्चर घ्या. पूर्ण स्क्रीन दिसू लागेल. एकच प्रोग्रॅम दाखवायचा असेल तर त्याऐवजी विंडो कॅप्चर घ्या. त्यात व्हॉट्सअ‍ॅपची सूचना किंवा डेस्कटॉपवरच्या फाइलींची नावं येत नाहीत, म्हणून मला तेच जास्त सुरक्षित वाटतं. चेहरा हवा असेल तर व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस जोडा आणि कोपऱ्यात ओढून लहान करा. उजवा खालचा कोपरा टाळा, टॅली आणि एक्सेलमध्ये कामाच्या बऱ्याच गोष्टी तिथेच असतात.

आता सेटिंग्ज, आउटपुट. मोड सिंपलच राहू द्या. रेकॉर्डिंग क्वालिटीमध्ये चार पर्याय आहेत. पहिला, सेम अ‍ॅज स्ट्रीम, घेऊ नका. तो असेल तर रेकॉर्डिंग मध्येच थोडं थांबवायचं पॉजचं बटण मिळत नाही, आणि दाराची बेल वाजली की त्या बटणाची किंमत कळते. शेवटचा लॉसलेस चुकूनही घेऊ नका, काही मिनिटांत डिस्क भरेल. हाय क्वालिटी, मीडियम फाइल साइझ हा दुसरा पर्याय घरच्या कामाला योग्य.

त्याखाली एन्कोडर. यादीत हार्डवेअर शब्दाने सुरू होणारं काही दिसत असेल तर ते निवडा. इंटेलच्या मशीनवर क्यूएसव्ही, एनव्हिडियाचं कार्ड असेल तर एनव्हीएन्क. मग आक्रसण्याचं काम ग्राफिक्सची चिप करते आणि साधा आय३ लॅपटॉपही हँग होत नाही.

रेकॉर्डिंग फॉरमॅट एमकेव्ही ठेवा. साध्या एमपी४ची सगळी अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली तर पूर्ण फाइल उघडेनाशी होते. एमकेव्हीमध्ये वीज गेली त्या क्षणापर्यंतचं सगळं शाबूत राहतं. पावसाळ्यात डेस्कटॉपवर यूपीएसशिवाय काम करणाऱ्यांनी हे सेटिंग सगळ्यात आधी करावं. नंतर फाइल मेन्यूतल्या रीमक्स रेकॉर्डिंग्जमधून ती क्षणात एमपी४ करून मिळते, दर्जा तसाच राहतो. नव्या आवृत्त्यांत हायब्रिड एमपी४ असा पर्याय दिसतो, त्यातही हेच संरक्षण आहे.

डिस्प्ले कॅप्चर घेतलं आणि नुसतं काळं दिसतंय? दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर हे नेहमी होतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जा, यादीत ओबीएस जोडा आणि त्याला पॉवर सेव्हिंग निवडा. ओबीएस बंद करून परत उघडलं की स्क्रीन दिसते. मात्र नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणचा सिनेमा काळा येत असेल तर तो बिघाड नाही. तिथे कॉपी होऊ नये म्हणून चित्र मुद्दाम अडवलेलं असतं, त्यावर उपाय शोधण्यात वेळ घालवू नका.

## ६. आवाज

इथे घाई करू नका. चित्र थोडं धूसर असलं तरी माणसं बघतात. आवाज फाटका असला तर दुसऱ्या मिनिटाला बंद करतात.

माइक. लॅपटॉपचा आतला माइक पंख्याचा, कीबोर्डचा आवाज आणि खोलीतला घुमारा सगळं गोळा करतो. वायरच्या हेडफोनचा साधा माइक त्याहून कितीतरी चांगला, कारण तो तोंडाजवळ असतो. ब्लूटूथ हेडफोन टाळा. त्याचा माइक चालू झाला की तो फोन कॉलच्या मोडमध्ये जातो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

डेस्कटॉप असेल तर मागे बघा: गुलाबी भोक माइकचं, हिरवं हेडफोनचं. मोबाइलच्या हेडफोनची पिन एकच असते, तिच्यावर तीन काळे पट्टे असतात. ती हिरव्यात घातली तर ऐकू येईल पण माइक चालणार नाही. त्यासाठी एकाचे दोन करणारा छोटा स्प्लिटर मिळतो, स्टेशनजवळच्या मोबाइल अ‍ॅक्सेसरीच्या कुठल्याही दुकानात. "डेस्कटॉपला, माइक आणि हेडफोन वेगळे करणारा" असं स्पष्ट सांगा, नाहीतर दोन हेडफोन जोडायचा स्प्लिटर हातात पडतो. तो दिसायला जवळजवळ सारखाच असतो.

पातळी. ओबीएसमध्ये ऑडिओ मिक्सर या कप्प्यात माइकची पट्टी असते. नेहमीच्या शिकवण्याच्या आवाजात बोला आणि पट्टीकडे बघा. हिरव्यातच राहिली तर आवाज बारीक. लाल भागात वारंवार गेली तर आवाज फाटणार. तुमचे जोर दिलेले शब्द पिवळ्या भागात, म्हणजे उणे २० ते उणे ९ डेसिबलच्या दरम्यान यायला हवेत. खालचा सरकता दांडा हलवून तसं जुळवा. पट्टी हलतच नसेल तर विंडोजमध्ये प्रायव्हसी, मायक्रोफोन इथे परवानगी बंद असते.

खोलीचा गोंगाट. मे महिन्यात ठाण्यात पंखा बंद करून तासभर शिकवणं अशक्य आहे, ते करायचीही गरज नाही. माइकच्या नावाजवळच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करून फिल्टर्स उघडा, अधिकचं चिन्ह दाबून नॉइज सप्रेशन जोडा, आणि त्यात आरएननॉइज निवडा. पंख्याची, एसीची एकसारखी घरघर जवळपास नाहीशी होते. कुकरची शिटी, घोडबंदर रोडवरचे हॉर्न, समोरच्या मंडळाची ढोलताशाची तालीम यावर मात्र कोणताही फिल्टर पुरा पडत नाही. त्यासाठी वेळ निवडावी लागते. माझे धडे मी सकाळी दूधवाला येऊन गेल्यावर आणि शेजारच्या स्वयंपाकघरांत कुकर चढायच्या आधी रेकॉर्ड करते. खिडकीचे पडदे ओढून घेतले आणि पलंग असलेल्या खोलीत बसलं की घुमाराही कमी होतो.

दोनदा येणारा आवाज. ओबीएसच्या मिक्सरमध्ये डेस्कटॉप ऑडिओ आधीच असतो. बरेच जण वर आणखी एक ऑडिओ आउटपुट कॅप्चर जोडतात आणि मग प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. एकच ठेवा. हेडफोन न घालता स्पीकरवर आवाज लावला तर तोच आवाज माइकमधूनही शिरतो आणि प्रतिध्वनी येतो. नातीचं गाणं टिपणाऱ्या आजींना म्हणूनच सांगितलं: हेडफोन घाला, आणि तिचं गाणं सुरू असताना तुमचा माइक बंद ठेवा.

## ७. डाउनलोड करताना आणि पैसे देताना

गुगलवर नाव टाकून पहिल्या दुव्यावर क्लिक करू नका. पहिला दुवा बहुधा जाहिरात असते. २०२३च्या सुरुवातीला ओबीएसच्या नावाने अशाच जाहिराती दाखवून लोकांच्या मशीनवर मालवेअर उतरवलं गेलं होतं. पत्ता स्वतः टाइप करा: ओबीएसचा ओबीएसप्रोजेक्ट डॉट कॉम, शेअरएक्सचा गेटशेअरएक्स डॉट कॉम, दोन्ही रोमन अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता. किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या, तिथे दोन्ही आहेत. ओबीएसची "प्रो" आवृत्ती म्हणून कुणी पैसे मागत असेल तर तो फसवतोय, तशी आवृत्तीच नाही.

"फ्री" लिहिलेल्या इतर रेकॉर्डरची मर्यादा आधी वाचा. बँडिकॅमची फुकट आवृत्ती १० मिनिटांवर थांबते आणि व्हिडिओच्या वर आपलं नाव छापते. असे आणखी बरेच आहेत. मर्यादा वाईट नसते, पण पाऊण तास शिकवून झाल्यावर ती कळणं वाईट.

पैसे देऊन घ्यायचंच असेल तर कॅमटेशियासारखं साधन रेकॉर्डिंग आणि एडिटिंग एकत्र देतं, क्लिक ठळक दाखवतं, झूम करतं. अभ्यासक्रम विकणाऱ्याला ते परवडेल. घरून क्लास घेणाऱ्याला मी सुचवणार नाही, कारण त्यातली मला लागणारी गोष्ट मायक्रोसॉफ्टच्याच झूमइट या फुकट साधनात मिळते. शिकवताना कंट्रोल आणि १ दाबलं की स्क्रीन मोठी होते, कंट्रोल आणि २ दाबलं की माउसने स्क्रीनवर लिहिता येतं, एस्केप दाबलं की सगळं पूर्ववत. एक्सेलमधल्या सूत्राभोवती लाल गोल काढून "हा डॉलर इथे का आला बघा" असं म्हणता येतं. मुलांना धडा कळतो तो यामुळे. सॉफ्टवेअरवर घालवायचा वेळ मी इथे घालवेन.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर कुणी प्रेमाने आणून दिलं तरी घेऊ नका. ज्या कॉम्प्युटरवर नेट बँकिंग करता त्यावर तर मुळीच नाही. आणि "तुमची स्क्रीन बघून मदत करतो, हे अ‍ॅप टाका" असा फोन आला तर तो ठेवून द्या. ती अ‍ॅप रेकॉर्डिंगची नसतात, दुरून तुमच्या मशीनचा ताबा घेणारी असतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

## ८. मिनिटभराची चाचणी, दर वेळी

विंडोज अपडेट झालं, हेडफोन बदलला, कुणी झूम वापरलं, की माइकची निवड गुपचूप बदलते. म्हणून धड्याआधी दर वेळी मिनिटभर रेकॉर्ड करून बघाच. बघताना कॉम्प्युटरवर बघू नका, फोनवर पाठवून बघा. तुमचे विद्यार्थी ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये उभ्याने, एका कानात इअरफोन घालून बघणार आहेत. १०० टक्क्यांवरचे एक्सेलचे आकडे त्यांना मुंग्यांसारखे दिसतील. एक्सेल आणि ब्राउझर दोन्ही १५० टक्क्यांवर ठेवा.

फोनवर तीन गोष्टी तपासा: आवाज येतोय ना, ओठांशी जुळतोय ना, आणि सगळ्यात लहान अक्षर वाचता येतंय ना. मग विंडोजचं डू नॉट डिस्टर्ब चालू करा, व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि मेल बंद करा. नियमित रेकॉर्ड करणाऱ्यांनी विंडोजमध्ये त्यासाठी वेगळं युजर खातं उघडावं, रिकाम्या डेस्कटॉपचं. त्यात तुमचे बुकमार्क, जुने शोध, घरच्यांचे फोटो काहीच नसतं, त्यामुळे काही दिसून जाण्याची धास्ती नाही.

## ९. लपवायचं ते नीट लपवा

पॅन, आधार, खाते क्रमांक, मोबाइल नंबर चित्रात असेल तर त्यावर पूर्ण काळा चौकोन टाका. धूसर करणं किंवा ठिपके करणं पुरेसं नाही, आकडे तर त्यातून पुन्हा ओळखता येऊ शकतात. हायलायटरने काळं करू नका, त्याचा रंग पारदर्शक असतो आणि चित्राचा उजळपणा वाढवला की खालचं दिसतं.

मार्च २०२३मध्ये एक दोष उघड झाला होता: विंडोज ११च्या स्निपिंग टूलमध्ये चित्र कापून त्याच फाइलवर साठवलं तर कापलेला भाग फाइलच्या पोटात शिल्लक राहत होता. तो दुरुस्त झाला आहे, पण त्याआधी कापून पाठवलेली महत्त्वाची चित्रं कुठे असतील तर काढून टाका. आणि नमुन्यादाखल दाखवायला खऱ्या पार्टीचं बिल कधीच उघडू नका. टॅलीमध्ये खोट्या नावांची एक कंपनी तयार करून ठेवा, सगळे धडे तिच्यावर घ्या.

## १०. साठवणं आणि पाठवणं

साधारण ५ एमबीपीएसने (सेकंदाला ५ मेगाबिट) १०८०पी रेकॉर्ड केलं तर मिनिटाला ३७-३८ एमबी, तासाला सव्वादोन जीबी होतात. गुगलचं फुकट १५ जीबी मेल आणि फोटो धरून असतं, त्यामुळे पाच-सहा धड्यांत भरतं. मोठे धडे यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवा. ज्याच्याकडे दुवा आहे त्यालाच दिसतात. दुवा पुढे पाठवता येतो हे मात्र ध्यानात ठेवा, मुलं दिसणारे क्लास तिथे चढवू नका.

जुना पेनड्राइव्ह "फाइल फार मोठी आहे" म्हणत असेल आणि जागा तर दिसत असेल, तर तो फॅट३२ आहे. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. त्यातला डेटा दुसरीकडे काढून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

व्हॉट्सअ‍ॅपवर धडा पाठवताना गॅलरीतून व्हिडिओ म्हणून पाठवू नका. तो आक्रसला जातो आणि अक्षरं पुसट होतात. अटॅचमध्ये डॉक्युमेंट निवडून तीच फाइल पाठवा. २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते.